आठ काडतुसांची नळी

सकाळचे सात चाळीस. ऑर्विल स्टेन्स्रूडनं बारा बोअरची पंपाची बंदूक व्हाइसमध्ये आडवी धरली होती आणि दस्त्याच्या टोकाशी पट्ट्याच्या कडीसाठी भोक पाडत होता. व्हाइसच्या दोन्ही जबड्यांना जुन्या बुटाच्या कातड्याचे तुकडे चिकटवलेले, बंदुकीला ओरखडा जाऊ नये म्हणून. भोक हातड्रिलनं, सावकाश. विजेच्या ड्रिलनं दस्ता तडकतो, असं तो म्हणे. खरं कारण वेगळं होतं. हातड्रिल चालताना बाहेरचं ऐकू येतं, दाराशी कोणी आलं तर कळतं.

दाराशी कोणी नव्हतं. तरी त्यानं दोनदा मान वर करून काचेकडं पाहिलं.

मे महिना हा हॅमर कोव्ह या बेटावरच्या गावात त्याच्या धंद्याचा हंगाम. जूनअखेर सॅमन ओढ्यांत चढू लागतात, त्यांच्या मागं अस्वलं उतरतात. मासे मोजायला सरकार ओढ्यांच्या मुखाशी तंबू ठोकून जी पोरं ठेवतं, त्यांच्या खांद्यावर एकेक बंदूक येते. ती प्रत्येक बंदूक बेटावरच्या या एकाच दुकानातून जाते. प्रश्न दोनच असतात. पट्ट्याच्या कड्या कुठं बसवायच्या, आणि मॅगझिनची नळी किती लांब करायची. बॅरलच्या खाली ही दुसरी नळी असते, तिच्यात काडतुसं एकामागं एक निजलेली असतात. मुळात चार मावतात. पुढचं टोपण काढून तिथं जोडनळी फिरवून बसवली की सहा होतात, कोणी हट्टच धरला तर आठ. गिऱ्हाईक आत येतं ते आकडा बोलतच येतं. ऑर्विल आधी विचारतो, तुझा रेनकोट कुठला आणि सॅक केवढी.

तेलाच्या शेगडीजवळच्या बाकावर वॉलेस बसला होता. चाळीस वर्षं स्वतःची जाळ्याची बोट चालवून आता निवृत्त झालेला. त्याची आई त्लिंगित होती, या किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांपैकी. तिच्या माणसांत अस्वलाचं नाव उगाच घेत नाहीत. घेतलं तर त्याला ऐकू जातं, आणि जे बोललं ते तो लक्षात ठेवतो, असं म्हणतात. वॉलेस ‘तो मोठा’ एवढंच म्हणायचा. ऑर्विल वंशानं नॉर्वेजियन, लुथरन चर्चचा वर्गणीदार. पण गेली नऊ वर्षं तोही नाव घेत नव्हता. यावरून वॉलेस त्याची मजा करत असे. आमची श्रद्धा फुकट वापरतोस, निदान कॉफी तरी चांगली पाज, असं त्यानं आज सकाळीही सुनावलं होतं.

मागच्या भिंतीला एक लाकडी मांडणी होती. तिच्यात दुरुस्तीला आलेल्या बंदुका उभ्या असत. डाव्या टोकाची बंदूक मात्र दुरुस्तीची नव्हती. ती रूबेन फॉसमची होती. तिची जोडनळी चार काडतुसांची, म्हणजे एकूण आठ, बॅरलच्या तोंडापुढं तीन बोटं आलेली, ओबडधोबड दिसणारी. दर वसंतात ऑर्विल तिला तेल लावायचा. पट्टाही तसाच होता, रुंद, करड्या रंगाचा. पट्ट्याच्या एका जागी गडद डाग होता. तो तेलाचा होता, असं वॉलेस म्हणत असे. ऑर्विलनं त्यावर कधी मत दिलं नाही.

रूबेन ओढे चालायचा. सरकारी नोकरीत काही माणसांचं कामच हे असतं: ओढ्याच्या मुखापासून वर चालत जायचं, वाटेत दिसतील ते मासे मोजायचे आणि परत यायचं. नऊ वर्षांपूर्वी ऑटर क्रीकवर तो गेला त्या दिवशी जोडीदाराला ताप होता, म्हणून एकटा गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी सापडला. समोरच्या खाडीत एक बोट नांगरलेली होती. तिच्या आचाऱ्यानं आदल्या दिवशी तीन बार ऐकल्याचं शपथेवर सांगितलं. गावाला तेवढं पुरलं. रूबेननं तीन झाडल्या, तिसरी लागली, म्हणून तो मोठा निघून गेला, पण तोवर उशीर झाला होता. ही हकीकत बंदरावर, शाळेत, चर्चच्या तळघरातल्या कॉफीवर इतक्या वेळा सांगितली गेली, की पुढं कोणी तिला हकीकत म्हणेना. रूबेन म्हटलं की तीन गोळ्या.

राज्य पोलिसांनी बंदूक तपासायला ऑर्विलकडं आणली होती, कारण बेटावर दुसरा कोणी नव्हता. त्यानं बॅरलमध्ये उजेड टाकून पाहिलं. बॅरल आतून स्वच्छ होती, बार उडाल्याची काजळी नव्हती, बाहेरून मात्र पावसाचा गंज धरू लागला होता. मग मॅगझिन रिकामं केलं. आठ काडतुसं बाहेर आली. पोलिसानं आणखी एक गोष्ट सांगितली. बंदूक पाठीवर होती, पट्टा छातीवरून आडवा, आणि पट्ट्यावर सॅक.

रेनकोट, त्यावर बंदुकीचा पट्टा, त्यावर सॅकचे पट्टे. बेटावर सगळे असंच घालायचे. इथल्या झाडीत काटेरी पानांचं रान कमरेइतकं असतं, लांब बंदूक खांद्यावरून सारखी घसरते. सॅकनं दाबून ठेवली की पाठीला चिकटून राहते आणि दोन्ही हात मोकळे राहतात. रूबेननं आठची नळी बसवून घेतली तेव्हा दुकानातून निघताना याच दारात त्यानं तसंच केलं होतं, बंदूक आधी, सॅक नंतर. ऑर्विलनं ते पाहिलं होतं आणि त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. तोही तसंच घालायचा.

त्यानंतर त्याला दाराच्या काचेत रूबेन दिसायला लागला. रोज नाही. पाऊस बारीक असला आणि सकाळचा उजेड काचेवर अर्धवट पडला, की कोणीतरी बाहेर उभं असे. ओला रेनकोट, पाठीवर सॅक. तो आत येत नसे. एक हात मागं नेऊन तो स्वतःभोवती फिरत असे, कुत्रं शेपटीमागं फिरावं तसा, आणि हात काही केल्या पोचत नसे. चेहरा दिसण्याआधी तो पुढच्या फेरीत वळलेला असे. ऑर्विलनं हे बायकोला सांगितलं नाही. वॉलेसला सांगितलं, एकदाच. वॉलेस हसला नाही. त्यानं विचारलं, कुठल्या हातानं फिरतो? उजव्या, असं ऑर्विल म्हणाला. मग तो रूबेनच, असं म्हणून वॉलेसनं विषय मिटवला.

गिऱ्हाइकांपैकी कोणी तीन गोळ्यांची गोष्ट काढली, की ऑर्विल उठून ग्राइंडर चालू करायचा. घासायला काही नसलं तरी.

त्याला गप्प राहायला लावलं होतं ते रूबेनच्या बायकोनं, मार्लिसनं. पोलीस गेल्यावर ती दुकानात आली होती. किती झाडल्या, असं तिनं विचारलं. त्यानं खरं ते सांगितलं. तिनं मांडणीकडं पाहिलं. मग म्हणाली, “ब्रिटा तेरा वर्षांची आहे. तिच्यापुरत्या त्यानं झाडल्या. तुला कळलं ना, ऑर्विल?” त्याला कळलं. बंदूक घेऊन जा असं तो म्हणाला नाही, ती न्यायला कधी आली नाही.

आठ वाजता दार उघडलं आणि ब्रिटा आत आली.

ती आता बावीस वर्षांची होती, बापासारखी उंच, बापासारखीच खांदे पुढं काढून चालणारी. तिनं टोपीवरचं पाणी दाराबाहेर झटकलं, वॉलेसला विचारलं, अजून जिवंत आहात का, आणि तो म्हणाला, तुझ्या आजीच्या वयाच्या बायकांना विचार, त्यांना जास्त माहीत. मग तिनं सरळ मांडणीकडं बोट केलं.

“मॉम म्हणाली, डॅडची बंदूक तुमच्याकडं आहे. मला ती हवीय. उद्या ऑटर क्रीकवर जातेय.”

ऑटर क्रीकच्या छावणीत तिची नेमणूक झाली होती. झाली म्हणजे तिनं मागून घेतली होती. ऑर्विलनं विचारलं, ऑटरच का. ती म्हणाली, तिथं जाईपर्यंत मला दुसरीकडं कुठं जाता येणार नाही, अगदी साध्या सुरात.

त्यानं बंदूक काढून कामाच्या बाकावर ठेवली. पंप, म्हणजे नळीवरची सरकती मूठ, मागं ओढला, आत बोट घालून रिकामी असल्याची खात्री केली, मग तीच खात्री तिला करायला लावली. तिनं बाकीचं आधीच ठरवलं होतं. जोडनळी तशीच राहू दे, फक्त आत नवी स्प्रिंग टाका. कड्या गंजल्यात, त्याच जागी नव्या बसवा, बंदुकीच्या पोटाखाली, म्हणजे पाठीवर सपाट बसेल. पट्टा बदलू नका.

ऑर्विल म्हणाला, दोनची नळी घे. ती बॅरलच्या तोंडाशी बरोबर संपते. ही पुढं आलेली आहे, डहाळ्यांत अडकते, पुढचं वजन डुलतं, आणि डुलतं म्हणून माणसं तिला बांधून टाकतात. सहा पुष्कळ झाल्या.

“सहा?” ब्रिटा म्हणाली. “डॅडनी तीन झाडल्या आणि तिसरी लागूनसुद्धा तो पोचलाच ना त्यांच्यापर्यंत? मग मी कमी का घेऊ? मला तर नऊची मिळाली असती तरी हवी होती.”

ऑर्विलकडं याला उत्तर होतं, पण ते तिच्या आईचं होतं. त्यानं नळीवर अंगठा फिरवला. ग्राइंडर हाताच्या अंतरावर होता. त्यानं तिकडं पाहिलं आणि हे वॉलेसच्या लक्षात आलं.

“बटण दाबू नकोस रे,” वॉलेस म्हणाला. “पोरगी उद्या जातेय.”

वॉलेसला किती माहीत होतं हे ऑर्विलनं कधी विचारलं नव्हतं. एवढं मात्र खरं, की आचाऱ्यानं ऐकलेले ते तीन बार कोणाचे, हा प्रश्न गावात फक्त वॉलेस विचारायचा. त्या आठवड्यात त्या किनाऱ्याला रूबेन आणि ती बोट सोडून दुसरं कोणी नव्हतं. बार झाले असतील तर बंदूक भरलेली कशी, हे तो विचारत नसे, कारण बंदूक भरलेली होती हे त्याला माहीत असायचं कारण नव्हतं. तरी प्रश्न तो अशा जागी थांबवायचा की ऑर्विलला मान खाली घालावी लागे.

आता करण्यासारख्या तीन गोष्टी होत्या. चारची नळी निकामी झालीय असं सांगून दोनची बसवून द्यायची. ती ऐकेल, पण बंदूक पाठीवर घालेल, वर सॅक चढवेल, आणि सहा काय नि आठ काय, सारखंच. नाहीतर सांगून टाकायचं. तिसरी गोष्ट टायर.

टायर हा गावाच्या थट्टेचा विषय होता. दुकानाच्या मागं फळ्यांचा उतार थेट बोटी ओढायच्या धक्क्यापर्यंत जातो. रूबेन गेला त्याच्या पुढच्या वसंतापासून ऑर्विलनं एक पद्धत सुरू केली. बंदूक ज्याच्यासाठी बसवली त्यानं ती रिकामी घेऊन उताराच्या खालच्या टोकाशी उभं राहायचं. वरून कोणीतरी बोटीच्या ट्रेलरचा जुना टायर सोडायचा. टायर पोचायच्या आत बंदूक खांद्याला लागली पाहिजे. नाही लागली तर कड्यांची जागा बदलायची, पट्टा बदलायचा, आणि पुन्हा. पोरं याला ‘ऑर्विलचं अस्वल’ म्हणत. लग्नात नवऱ्या मुलाला विचारत, टायरसमोर उभा राहिलास का? पण बंदूक हातात धरूनच सगळे उभे राहायचे. सॅक, रेनकोट घालून या, असं ऑर्विलनं आजवर कोणाला म्हटलं नव्हतं. त्याला ते बघायचं नव्हतं.

“तुझी सॅक आणलीयस?” त्यानं विचारलं.

गाडीत होती.

“घाल. ओढ्यावर जाशील तशी. सगळं.”

ब्रिटा हसली. टायर का, असं म्हणाली, आणि हेही म्हणाली, की शाळेत असल्यापासून मी वाट बघत होते. तिनं गाडीतून सॅक आणली. रेनकोटाची बटणं लावली. बंदुकीचा पट्टा डोक्यावरून घेतला, छातीवर आडवा ओढला, नळीचं पुढं आलेलं टोक उजव्या खांद्यामागं नीट बसवलं. मग सॅक चढवली, छातीवरचा बकल लावला, कमरेचा लावला. हात दोन्ही मोकळे. कोणी शिकवलं, हे ऑर्विलनं विचारलं नाही.

वॉलेस टायर घेऊन वर उभा राहिला. पाऊस बारीक होता. फळ्यांवर शेवाळ, खाली ओहोटीचा चिखल. ब्रिटानं खालून हात हलवला.

वॉलेसनं टायर सोडला.

तिनं उजवा हात मागं नेला. दस्ता तिच्या बोटांना लागला असावा, कारण तिनं ओढलं. बंदूक हलली नाही. पट्टा सॅकखाली होता. तिनं बकल उघडायला डावा हात छातीकडं नेला, ओल्या बोटांनी बकल निसटला, तशी ती उजवीकडून आणखी मागं वळली. वळताना बंदूकही तिच्याबरोबर वळली. ती आणखी वळली. टायर फळ्यांवरून उड्या मारत येत होता आणि ब्रिटा फॉसम स्वतःभोवती फिरत होती, एक हात मागं, चेहरा दिसण्याआधी पुढच्या फेरीत गेलेला.

ऑर्विलनं मागच्या दाराची चौकट धरली.

टायर तिच्या गुडघ्याला लागला आणि ती चिखलात बसली.

कोणी हसलं नाही. ब्रिटा उठली. वर पाहून म्हणाली, परत. वॉलेसनं खाली जाऊन टायर वर आणला, धापा टाकत, न कुरकुरता. दुसऱ्या वेळी तिनं आधी छातीचा बकल उघडायचं ठरवलं होतं हे दिसत होतं. तो उघडला, कमरेचा राहिला. सॅक एका खांद्यावरून लोंबली आणि पट्टा तिच्या मानेत अडकला. टायर तिच्या बाजूनं गेला. तिसऱ्यांदा ‘परत’ असं ती म्हणाली नाही. ती तिथंच उभी राहिली, आणि मग तिनं सॅक काढली, सावकाश, कोणाची घाई नसल्यासारखी. बंदूक काढली. आणि त्या सगळ्याला किती वेळ लागतो हे तिचं तिनं पाहिलं.

ती वर आली तेव्हा तिच्या दोन्ही गुडघ्यांना चिखल होता.

“डॅड असंच घालायचे,” ती म्हणाली. “त्यांनीच मला दाखवलं. मी आठ-नऊ वर्षांची असताना, काठी घेऊन.”

“सगळेच घालायचे.”

“किती झाडल्या त्यांनी?”

वॉलेसनं टायर उचलला आणि तो ठेवायला दुकानामागच्या शेडच्या पलीकडं गेला. तो नेहमी अलीकडं ठेवत असे.

ऑर्विलला वाटलं होतं, हे सांगायची वेळ आली तर शब्द शोधावे लागतील. शोधावे लागले नाहीत. “एकही नाही,” तो म्हणाला. “आठही आत होत्या. मी स्वतः काढल्या. बंदूक त्याच्या पाठीवर होती, सॅकखाली.”

ब्रिटानं हातातल्या बंदुकीकडं पाहिलं. मग अशा वेळी बघावं तिकडं, म्हणजे कुठंच नाही. ती रडली नाही. पाणी चेहऱ्यावर होतं ते सगळ्यांच्याच होतं.

“सातवीत मी निबंध लिहिला होता,” ती म्हणाली. “तीन गोळ्या. बक्षीस मिळालं.” मग थोड्या वेळानं, “मॉमला माहीत आहे?”

“पहिल्या दिवसापासून.”

“आणि तुम्ही दोघं मिळून मला नऊ वर्षं...” हे वाक्य तिनं सोडून दिलं. त्या जागी जे आलं ते ऑर्विलला अपेक्षित नव्हतं. तिनं विचारलं, डॅड लगेच गेले असतील का. त्याला माहीत नव्हतं आणि तसं तो म्हणाला. खोटं बोलायची ही एक संधी त्यानं घेतली नाही. पुढं कधी ही चूक झाली असं त्याला वाटलं, कधी नाही.

मग ती म्हणाली, आता काय बसवायचं ते सांगा.

काम अकरापर्यंत चाललं. चारची जोडनळी आधी काढावी लागली. नऊ वर्षांत ती कोणी फिरवली नव्हती, समुद्राच्या हवेनं आटे धरले होते. ऑर्विलनं तेल सोडलं, कातड्याच्या पट्ट्याचा पाना लावला, आणि ती सुटली तेव्हा आतून बारीक, लांबट किंकाळीसारखा आवाज आला. वॉलेसनं कॉफीचा पेला खाली ठेवला. शेवटच्या आट्याशी ऑर्विलनं तळहात नळीच्या तोंडावर धरून ठेवला, कारण आतली स्प्रिंग दाबलेली असते आणि सोडली की छताला लागते. ती हाताभर लांबीची स्प्रिंग बाहेर येत राहिली, येतच राहिली. तिला सुरवातीकडं गंज होता, टोकाकडं नव्हता.

दोनची नळी बॅरलच्या तोंडाशी बरोबर संपली. बॅरल आणि नळी एकत्र धरणारी पकड तोंडामागं चार बोटांवर आली, म्हणजे नळी धक्क्यानं सैल होणार नाही. पोटाखालच्या कड्या त्यानं काढून टाकल्या आणि नव्या डाव्या बाजूला घातल्या, एक पकडीवर, दुसरी दस्ता जिथं सुरू होतो तिथं. पोटाखाली कड्या असल्या की बंदूक पाठीवर छान बसते. डाव्या बाजूला असल्या की छातीवर आडवी लटकते, चालताना बरगडीला लागते, आणि सुखाची नसते. हे त्यानं तिला सांगितलं. लागू दे, असं ती म्हणाली. पट्टा नवा दिला, अरुंद, एका हिसक्यात सैल होणारा. जुना करडा पट्टा तिनं गुंडाळून स्वतःच्या खिशात ठेवला. त्या डागाबद्दल तिनं विचारलं नाही.

मग उतार. सॅक आधी, बंदूक वर. पहिल्यांदा टायर जिंकला. दुसऱ्यांदा बरोबरी झाली. त्यानंतर वॉलेसनं टायर मुद्दाम वाकडा सोडायला सुरवात केली, आणि ब्रिटा प्रत्येक वेळी त्याच्याकडं तोंड करून, बंदूक खांद्याला लावून उभी असे. म्हातारा दमला की मी दमले, असं तिनं विचारलं. म्हातारा म्हणाला, टायर दमला.

सव्वा बाराला मार्लिस आली. शाळेच्या स्वयंपाकघरात ती काम करायची, मुलांचं जेवण आटोपलं की तिला अर्धा तास मिळे. कागदात गुंडाळलेली सॅमनची सँडविचेस तिनं बाकावर ठेवली. मुलगी उद्या जाणार म्हणून बघायला आले, असं म्हणाली. मग तिनं कामाच्या बाकावर पाहिलं. लांब नळी तिथं वेगळी पडली होती, शेजारी स्प्रिंग. आठ काडतुसांची ती नळी तिनं नऊ वर्षांत पहिल्यांदाच पाहिली होती, आणि तिला ओळखायला वेळ लागला नाही. तिनं ऑर्विलकडं पाहिलं. त्यानं नजर खाली घेतली नाही, वर ठेवण्याचाही त्याला हक्क वाटत नव्हता, म्हणून तो तिच्या हातातल्या हातमोज्यांकडं बघत राहिला.

ब्रिटा लगेच बोलली. लांब नळी झाडीत अडकते म्हणून मीच नको म्हटलं, दोनची पुरे झाली. ती हे इतकं सफाईनं म्हणाली, की वॉलेस तिच्याकडं बघायला लागला. गेल्या चार तासांत ती आईसारखं बोलायला शिकली होती.

मार्लिसनं लेकीच्या गुडघ्यांवरचा चिखल पाहिला. टायर कशासाठी असतो हे गावात कोणाला माहीत नव्हतं? ती वाकली, रुमालानं एक गुडघा पुसला, मग दुसरा. चिखल वाळला होता, निघत नव्हता. ती पुसत राहिली.

“पट्टा सॅकच्या वरून घे,” ती गुडघ्याकडं बघतच म्हणाली. “खालून नको.”

ब्रिटानं आईच्या डोक्याकडं पाहिलं, जिथं पांढरे केस मधोमध फुटले होते.

“वरूनच घेणार आहे, मॉम.”

“बरं.”

मार्लिस उठली, रुमाल खिशात घातला. सँडविच गार होतंय, असं म्हणाली, आणि ती गारच असतात हे कोणी तिला सांगितलं नाही. चौघांनी उभ्यानं खाल्लं. वॉलेसनं दुसऱ्यांदा मागितलं, तेव्हा मार्लिसनं स्वतःच्यातलं अर्धं तोडून दिलं. आचाऱ्यानं ऐकलेले ते तीन बार कोणाचे होते, हे त्या दिवशी वॉलेसनंही विचारलं नाही.

त्या दोघी गेल्यावर ऑर्विल दाराच्या काचेसमोर जरा जास्त वेळ उभा राहिला. काचेत रस्ता होता, रस्त्यावर मार्लिसची गाडी वळत होती, आणि पाऊस होता. त्याला बरं वाटलं असं नाही. मांडणीच्या डाव्या टोकाला मोकळी जागा पडली होती, आणि ती त्याला दुकानातल्या कुठल्याही वस्तूपेक्षा अधिक स्पष्ट दिसत होती. वॉलेस म्हणाला, उद्या सकाळी पाऊस बारीकच आहे. ऑर्विल म्हणाला, माहीत आहे.

ऑटर क्रीकचं विमान उद्या सकाळी साडेसहाला बंदरातल्या तरंगत्या धक्क्यावरून निघतं. धुकं असेल तर ते उठेपर्यंत थांबतं. बंदूक रिकामी करून पेटीत द्यावी लागते, काडतुसं वेगळ्या डब्यात, आणि दोन्ही चढवण्याआधी वैमानिक स्वतः उघडून पाहतो.